दोन सीटची गाडी

गास, वसई
४ ऑगस्ट २०२४

प्रिय मर्सीताई,

तुमच्या मठात फोन चालत नाही, त्यामुळे ही बातमी सगळ्या गावाला कळल्यावर तुला कळतेय. राग मानू नकोस. मी गाडी घेतोय. स्पोर्ट्स कार! जर्मन, लाल, दोनच सीटची. बटण दाबलं की छप्पर आपोआप मागे जाऊन गुंडाळलं जातं.

नवी अर्थातच नाही. ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवणारा माणूस असली गाडी नवी घेऊ लागला तर आधी त्याची चौकशी लागेल. तेरा वर्षं जुनी आहे. पण ज्या पैशात आपल्याकडे लोक नवी कोरी, पांढरी, डबड्यासारखी गाडी घेतात, त्याच पैशात ही मिळतेय. सातिवलीला एका गोडाऊनमध्ये एक माणूस अशाच गाड्या आणून विकतो. मी कितीतरी रविवार चर्चमधली मिस्सा झाली की तिथे जाऊन नुसता बघून येतो. तो मला आता चहा विचारायचाही बंद झालाय.

तू हसशील, ठाऊक आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी याला काय सुचलं, म्हणशील. ताई, आपल्या बरोबरीचे सगळे गेले. कुणी कॅनडात, कुणी दुबईत, कुणी बोटीवर. तूही गेलीस. देवाकडे गेलीस, म्हणून तुला कुणी काही बोललं नाही. मी आईपाशी राहिलो. त्याबद्दल तक्रार नाही. पण दर नाताळात ही मंडळी भाड्याच्या मोठमोठ्या गाड्या घेऊन अंगणात उतरतात आणि मला विचारतात, "काय स्टॅनी, अजून स्कूटरच का?" मग मी हसतो. यंदा मला हसायचं नाही.

आई बरी आहे. गुडघे तिचे तसेच आहेत. गाडीबद्दल तिला एवढंच सांगितलंय की लाल आहे.

तुझा,
स्टॅनी

*

२० ऑगस्ट २०२४

ख्रिस्तात प्रिय स्टॅन्या,

हसले. खोटं कशाला बोलू? भाजी चिरायच्या खोलीत तुझं पत्र वाचलं आणि इतकी हसले की शेजारी बसलेल्या सिस्टर उठून पाणी घेऊन आल्या. आपला टेम्पो पहिल्याच दिवशी गावच्या क्रुसावर घासणारा माझा भाऊ स्पोर्ट्स कार चालवणार!

पण हसून झाल्यावर बरं वाटलं. घे तू. बाबांचा टेम्पो केळी भरून दादरला न्यायचे तेव्हा पहाटे रस्ता मोकळा मिळाला की मीसुद्धा थोडा दाबायचे. मठात येताना मला सगळं सोडता आलं, ॲक्सिलरेटर सोडताना जरा जड गेलं. (आमची पत्रं आधी मदर ॲनी वाचतात. मदर, हे तुम्हाला माहीतच आहे.)

एक काम मात्र कर. बाबा जुना टेम्पो घ्यायला गेले होते तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय केलं, आठवतं? सीटचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढला. लोक गाडी धुतात, गालिचा बदलतात, आत अत्तर मारतात. पट्ट्याचं आतलं गुंडाळलेलं टोक कुणी धूत नाही. गाडी पुरात बुडालेली असली की तिथे गाळाची रेघ असते. सगळा ओढ. मगच पैसे दे.

आता माझी बातमी. ३० नोव्हेंबरला माझ्या व्रतांना पंचवीस वर्षं होतात. साडेदहाला मिस्सा आहे, बिशप येणार आहेत. त्यानंतर भेटीची खोली उघडतील. मला एकच हट्ट करायचाय. व्रतं घेतली त्या दिवशी अख्खा गाव आला होता. आम्हाला बाहेरच्यांशी जाळीतूनच बोलता येतं. त्या जाळीपलीकडे सगळ्या मावश्या, आत्या, चुलत्या एकदम बोलत होत्या आणि आई मागे राहिली. तिला ढकलून पुढे यायचं जमत नाही. मी सगळ्यांशी बोलले, तिच्याशी बोलायचं राहूनच गेलं. या वेळी तुम्ही दोघंच या. तुझ्या गाडीत तसंही दोघंच मावतात, म्हणजे कुणाला नाही म्हणायची पंचाईतच नाही.

आईला माझं नमन.

मर्सी

*

गास, वसई
१६ सप्टेंबर २०२४

प्रिय मर्सीताई,

घेतली! आठ तारखेला, मारियामातेच्या जन्माच्या सणालाच चर्चच्या आवारात उभी केली. मिस्सा संपली, लोक बाहेर आले आणि फुलांची टोपली ठेवायला आलेली पोरंसोरं देवमातेकडे पाठ करून गाडीकडे बघू लागली. फादर आशीर्वाद द्यायला आले. चहूबाजूंनी पवित्र पाणी शिंपडलं आणि हळूच मला विचारलं, "स्टॅनी, आपल्या रस्त्यावरून जाईल का रे ही?" मी म्हटलं, "फादर, तुम्ही जरा खालच्या बाजूलाही शिंपडा." सगळे हसले. फार वर्षांनी गावात कुणी माझ्या बोलण्यावर हसलं. माझ्यावर हसणं वेगळं, ते नेहमीचंच.

मग मी आईला म्हटलं, "बस." ती सणाचं लाल लुगडं नेसून आली होती. ती वाकली, आणखी वाकली आणि मग एकदम खाली गेली. आतून म्हणाली, "अरे, ही गाडी हाय का पाट?" मी तिला फिरवून आणलं, चर्चपासून तळ्यापर्यंत. प्रत्येक गतिरोधकावर खालून आवाज यायचा आणि आई प्रत्येक वेळी "माफ कर गं बाई" म्हणायची, गाडीला!

परत आलो तर तिला उतरताच येईना. गुडघे वर, पाठ खाली. मी हात दिला, नाही जमलं. मग शेजारच्या दोघी आल्या, मग आणखी एक आली. तिघींनी मिळून ओढलं तेव्हा निघाली. आवारात हशा पिकला. आईसुद्धा हसत होती, लुगडं सावरत. मला हसू आलं नाही. मला राग आला, सगळ्यांचा आणि का कोण जाणे, आईचासुद्धा.

असो. पट्ट्याबद्दल. मी त्या माणसाला गाडी बुडालेली आहे का म्हणून विचारलं. तो आपल्यातलाच निघाला, पलीकडच्या चर्चच्या धर्मग्रामातला. त्याने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला आणि म्हणाला, "सर, डॉक्टरची गाडी. पाऊस म्हणजे काय ते ठाऊक नाही हिला." आता क्रूस काढून सांगणाऱ्या माणसासमोर पट्टा ओढून बघणं मला बरं वाटेना. आपल्या लोकांवर आपणच विश्वास ठेवायचा नाही तर कुणी?

३० नोव्हेंबरला आम्ही दोघं येतो. छप्पर उघडं टाकून येतो!

स्टॅनी

*

६ ऑक्टोबर २०२४

ख्रिस्तात प्रिय स्टॅन्या,

क्रूस मीही दिवसातून चाळीस वेळा काढते. तरी गुळाचा डबा मदर कुलपात ठेवतात. पट्टा ओढ. हे वाचून झालं की उठ आणि ओढ.

व्हिव्हियनचं पत्र आलं. मावशीच्या या मुलाला कुठेही जायचं म्हटलं की बस ठरवल्याशिवाय चैन पडत नाही. गावातून मिनीबस आणतोय. त्याने आईसाठी विचारलंय, "फ्लॉसीमावशीची जागा धरू का?" मी उलट टपाली कळवलं की धरू नकोस, तिला माझा भाऊ आणतोय. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पुढे "स्पोर्ट्स कारमधून" असंही लिहिलं. तेवढंच नाही, इथे जेवणानंतर बोलायची परवानगी असते तेव्हा सगळ्यांना सांगितलं. जेनिफर नावाची नवशिकी आहे, ती मला रोज विचारते, छप्पर उघडायला किती वेळ लागतो म्हणून. पंचवीस वर्षं नम्रतेचं व्रत पाळणारी बाई भावाच्या गाडीवरून फुशारक्या मारतेय. पापनिवेदनात सांगितलं. फादरांनी विचारलं, "कोणती गाडी?"

पुढच्या रांगेत दोन खुर्च्या तुमच्यासाठी ठेवायला सांगितल्या आहेत. आईला उतरवायला एक स्टूल बरोबर घे.

मर्सी

*

गास, वसई
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय मर्सीताई,

घाईत लिहितोय. सगळं ठीक आहे. गाडी चार दिवस गॅरेजमध्ये होती, वायरिंगचं काहीतरी बारीकसं. जर्मन गाड्या जरा नाजूकच असतात म्हणे. आता उत्तम चालते. आईने राजेळी केळ्यांची सुकेळी करून डब्यात भरली आहेत आणि तो डबा रोज उघडून बघते. लुगडं इस्त्रीला दिलंय. तीन वेळा विचारून झालं, मर्सी आता चष्मा लावते का.

व्हिव्हियन कालही आला होता. म्हणाला, "मावशीला बसमधून येऊ दे, तू मागून ये तुझ्या विमानातून." मी त्याला चांगलंच सुनावलं.

पट्टा ओढायचा राहिला. ओढतो.

स्टॅनी

*

गास, वसई
२ डिसेंबर २०२४

प्रिय मर्सीताई,

आम्ही आलो नाही, त्याबद्दल क्षमा कर. आदल्या रात्री आईला एकाएकी ताप भरला. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. आता उतरला आहे, काळजीचं कारण नाही. तुझी मिस्सा छान झाली असेलच.

आगमनकाळ सुरू झाला, त्यात तुम्हाला पत्रं देत नाहीत, म्हणजे हे पत्र तुला नाताळालाच मिळेल. तोपर्यंत तू विसरलीही असशील.

स्टॅनी

*

गास
२ डिसेंबर

मर्सी बाळ,

तुझी आई हे लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली त्यामुळे चुका होतील.

त्या दिवशी आम्ही निघालो नाही कारण स्टॅनीला फार ताप आला होता. अंग तव्यासारखं तापलं होतं. तो तर म्हणत होता जाऊ या, मीच नको म्हटलं. त्याच्यावर रागावू नको. तो मला फार जपतो. गाडी चांगली आहे. तिला काही झालेलं नाही.

सुकेळी राहून गेली. परत करीन.

मी पत्र लिहिलं हे त्याला सांगू नको.

तुझी आई
फ्लॉसी

*

२७ डिसेंबर २०२४

ख्रिस्तात प्रिय स्टॅनी,

नाताळच्या दिवशी दुपारी दोन पाकिटं हातात पडली. एकात आईला ताप होता, दुसऱ्यात तुला. मदरनी ती दोन्ही माझ्याआधी वाचली होती. पाकिटं देताना त्यांनी माझा हात दाबला. मला कुठे तोंड लपवू असं झालं. आईने तिच्या पत्राबद्दल तुला सांगू नको म्हटलंय. मी सांगतेय, कारण खोटं बोलायला तिला तू लावलं असशील तर ते बरं केलं नाहीस, आणि लावलं नसशील तर ते तुला कळायलाच हवं.

कारण त्या दिवशी तुम्ही दोघंही ठणठणीत होतात. मिनीबसमधल्या सगळ्यांनी तुम्हाला कसारा घाटात पाहिलं. व्हिव्हियन जाळीपाशी येऊन म्हणाला, "येतायत गं, मागेच आहेत. छप्पर उघडून फोटो काढत बसलेत, राजा-राणीसारखे." सगळ्या हसल्या. मीही हसले.

मिस्सा सुरू झाली. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या. बिशप प्रवचनात आईवडिलांच्या त्यागाबद्दल बोलले आणि बोलताना त्या खुर्च्यांकडे बघत होते. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? मग भेटीची खोली उघडली. सगळे बोलले, खाल्लं, निघून गेले. मदरनी खोली बंद करायची वेळ टळू दिली. जेनिफर फाटकाकडे कान लावून होती. घाटातून इथवर यायला किती वेळ लागतो, ते मला ठाऊक आहे रे. त्या रस्त्याने मी टेम्पो नेलाय.

तुमचे फोटो काढून झाले नव्हते का? की आणखी कुठे फिरायला गेलात? मी काय समजू?

मला राग आलाय आणि तो या सणाच्या दिवसांत जात नाहीये.

मर्सी

*

गास, वसई
९ जानेवारी २०२५

ताई,

चार पत्रं लिहून फाडली. हे पाठवतो. मदरही वाचतील, वाचू देत.

आम्ही पहाटे निघालो. आईने लुगडं नेसलं होतं, गळ्यात बाबांनी केलेली माळ होती, मांडीवर सुकेळीचा डबा. स्टूल मी घेतलं नाही. सीटच्या मागे मावलं असतं, पण तुमच्या मठासमोर लाल गाडीतून स्टूल काढायचं मला लाजिरवाणं वाटलं. घाटाच्या मध्यावर पहिल्यांदा काचा अडकल्या, मग समोरच्या वेगाच्या काट्यांचे दिवे विझले आणि गाडी गपकन बंद पडली. कशीबशी कडेला घेतली. छप्पर आधीच उघडं होतं, ते आता बंदही होईना.

मी फोन करत होतो. इतक्यात खालून मिनीबस आली. थांबली. खिडक्यांमधून सगळी लाल लुगडी बाहेर वाकली. व्हिव्हियनने विचारलं, "काय रे, बंद पडली?"

मी म्हटलं, "छे! आईला दरी बघायची होती. फोटो काढतोय."

तो खाली उतरला नाही, दारातच उभा राहिला. म्हणाला, "मावशी, येता का आमच्यात? एक जागा हाय रिकामी."

ताई, ती जागा रिकामी होती. बस तिथेच उभी होती, दार उघडं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, "हो, हिला घेऊन जा." नाताळात हे सगळे काय बोलतील तेवढंच माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी आईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग तीच त्यांना म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. आम्ही येतो मागनं." आणि हसून हात केला. बस गेली.

गाडी उचलून न्यायला क्रेन आली ती दुपारी. तोवर तुमची मिस्सा होऊन गेली होती. वाटेने जीपा जात होत्या, एखादी थांबवता आली असती. पण जीपमधून उतरून बसवाल्यांसमोर काय सांगणार होतो? आई त्या सीटवर तशीच बसून होती. तिला उतरवायचं म्हणजे ओढायचं, आणि मला रस्त्यावर ते करायचं नव्हतं. ऊन चढलं तेव्हा तिने पदर डोक्यावर घेतला आणि डबा उघडून म्हणाली, "खा. मर्सीसाठी परत करू." मी खाल्ली. तुझ्यासाठी केलेली सुकेळी मी घाटात बसून खाल्ली.

क्रेन आल्यावर तिचा पट्टा काढायला गेलो. तो अडकला, म्हणून जोरात ओढला. सगळा बाहेर आला. शेवटच्या वीतभर भागावर तपकिरी रेघ होती, सुकलेल्या गाळाची. आईने बोटाने खरवडून बघितलं. म्हणाली, "खाडीचा नाय हा. नदीचा गाळ हाय." बस, एवढंच.

ताप कुणालाच नव्हता. मी माझं खोटं तिला सांगितलं नव्हतं, तिने तिचं मला सांगितलं नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तिला विचारलं, "तू मला ताप आला असं का लिहिलंस?" ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मंग काय लिहू?"

मला तिच्यासमोर बसून जेवताही येत नाही. मी आधी जेवून घेतो किंवा मागून जेवतो. तिला कळतंय. ती माझं ताट झाकून ठेवते, तेच सोसत नाही.

स्टॅनी

*

२१ जानेवारी २०२५

स्टॅन्या,

तुझं पत्र वाचलं. राग गेला असं म्हणणार नाही. त्याची जागा बदलली.

व्हिव्हियन तिची जागा धरणार होता. नको म्हटलं ते मी. दोघंच या म्हटलं तेही मी. आई मला एकटीला हवी होती. पुन्हा त्या गाडीचा मलाही तोरा होताच. तू घाटात बसवाल्यांना जे सांगितलंस ते मी इथे दोन महिने आधीपासून सांगत होते. लाज वाटून घ्यायचीच असेल तर निम्मी माझ्याकडे पाठव.

पण आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ५ मार्चला राखेचा बुधवार, मग ईस्टरपर्यंत आमच्याकडे भेट नाही, पत्र नाही. त्याआधी तिला आण. कशातूनही आण. मदरनी २३ फेब्रुवारीचा रविवार दिलाय.

तिच्यासमोर बसून जेव.

मर्सी

*

गास, वसई
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

२३ ला आणतो.

गाडी विकली. तुळिंजचा एक फोटोवाला आहे, लग्नाआधी जोडप्यांचे फोटो काढतो. त्याला गाडी नुसती उभी करायला हवीय, चालली नाही तरी चालतं. त्याने न बघताच हो म्हटलं होतं. मी त्याला थांबवलं आणि पट्टा शेवटपर्यंत ओढून दाखवला. त्याने निम्मा भाव केला. मी दिली. सातिवलीच्या माणसाकडे जाऊन आलो, गोडाऊनला कुलूप आहे. भेटला असता तरी काय बोललो असतो कुणास ठाऊक. क्रूस त्याने काढला हे खरं, पण पट्टा माझ्या हाताशी होता.

व्हिव्हियनकडे जाऊन घाटातली गोष्ट सांगितली. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "अरे, बस सुरू करतानाच कळलं होतं आम्हाला. फोटो काढणारा माणूस फोन कानाला लावून उभा नसतो." म्हणजे सगळ्या बसला ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी जाळीपाशी येऊन तुला राजा-राणी सांगितलं. माझी अब्रू राखायला! मला वाटायचं, मी त्यांच्यापासून लपवतोय.

त्याने स्वतःचा केळ्यांचा टेम्पो दिलाय. बाबांच्या टेम्पोएवढाच उंच. आईला चढायला स्टूल लागेल. या वेळी घेतोय. चर्चसमोरूनच निघू, रविवारची मिस्सा सुटायच्या वेळी. तिला चढवताना ज्याला बघायचंय त्याला बघू दे.

सुकेळी पुन्हा झाली आहेत. डब्याला मी हात लावलेला नाही.

स्टॅनी

*

४ मार्च २०२५

ख्रिस्तात प्रिय स्टॅनी,

उद्या राखेचा बुधवार. आजची टपालाची पिशवी जायच्या आत लिहितेय, मग ईस्टरपर्यंत माझा आवाज नाही.

आई जाळीपलीकडे बसली होती, एकटी, लाल लुगड्यात. टेम्पोतून उतरली म्हणून पाठ ताठ होती. आधी तिने मला जाळीतून नीट निरखून घेतलं. मग तिने विचारलं, "चष्मा लागला होय गं तुला?" मग बोलत सुटलो. डबा तिने भिंतीतल्या फिरत्या कपाटातून आत सरकवला. पंचवीस वर्षांत कधी खाल्ली नव्हती अशी सुकेळी खाल्ली.

मी तिला ते विचारलंच. बस थांबली होती, जागा होती, माझी आठवण नाही का झाली तुला? तिने जाळीतून बोट घालून माझं बोट धरलं आणि म्हणाली, "मी उतरायचं म्हणजे मला ओढायला सगळ्या बसमधनं खाली आल्या असत्या. सणाच्या दिवशी ओढलं तसं. त्याची गाडी बंद, आई अडकलेली आणि सगळा गाव भोवती. तो पोरगा मंग कुठं तोंड दाखवणार होता? तुझं काय, तू हितंच हायस. तू कुठं जाणार हायस?"

खरं सांगते, मला रडू आलं आणि रागही आला. माझ्या पंचवीस वर्षांपेक्षा तुझी घटकाभराची लाज तिला मोठी वाटली. रात्री प्रार्थनेत ते देवासमोर मांडलं. नंतर कळलं, माझी तिला काळजीच नव्हती. तुझी होती.

आता तुझं. भेटीच्या खोलीत मी दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्या होत्या. एक रिकामी राहिली. आईला विचारलं, "स्टॅनी कुठाय?" ती म्हणाली, "गाडी लावतोय." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. "गाडी लावतोय." घंटा झाली, तिची भेट संपली, तरी तू गाडीच लावत होतास. फाटकावरच्या सिस्टर आत येऊन म्हणाल्या, एक माणूस बाहेर टेम्पोची काच पुसतोय, कधीचा पुसतोय, त्याला पाणी द्यायचं का?

अजूनही ती तुझ्यासाठी खोटं बोलतेय, स्टॅन्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मठात, माझ्या तोंडावर. तिला आता या कामातून मोकळं कर.

ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी ये. एकटा ये. स्कूटरवर ये. खुर्ची ठेवून घेतली आहे. आणि गाडी लावायला एवढा वेळ घेऊ नकोस.

तुझी,
मर्सी